पहिलीची शाळा निवडताना नववीपासून मागे या: बडोद्यातल्या पालकांसाठी

दांडिया बाजार असो की मांजलपूर, मराठी घरात मूल तीन वर्षांचं झालं की एक प्रश्न फिरायला लागतो: सरकारी शाळा की खाजगी? प्रश्न बरोबर आहे, पण अपुरा आहे. बडोद्यात निदान पाच दारं आहेत. प्रत्येक दार वेगळ्या महिन्यात आणि वेगळ्या वयाला उघडतं, आणि त्यातली दोन आठवी संपली की बंद होतात. म्हणून विचार उलट्या दिशेने करावा. मूल नववीत कुठे बसेल आणि तेव्हाची फी कोण भरेल, हे आधी ठरवा, मग मागे मागे पहिलीपर्यंत या.

पाच दारं अशी. पहिलं, नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या म्युनिसिपल शाळा: फी नाही, पुस्तकं आणि मध्यान्ह भोजन मोफत, बालवाटिका (पहिलीच्या आधीचं वर्ष) ते आठवी. दुसरं, ग्रँटेड शाळा, म्हणजे संस्था खाजगी पण शिक्षकांचा पगार सरकारचा. फी नाममात्र, आणि या मुख्यतः माध्यमिकच्या. तिसरं, स्वनिर्भर म्हणजे पूर्ण खाजगी शाळा, पूर्ण फी भरून. चौथं, त्याच खाजगी शाळेत आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, 25 टक्के राखीव जागांवर, फी न भरता. पाचवं, केंद्रीय विद्यालय. तिथे बदलीच्या सरकारी नोकरीतल्या पालकांची मुलं आधी, बाकीच्यांना उरलेलं. शिक्षण हक्काच्या जागा तिथेही असतात, पण अर्ज भरपूर आणि जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. या दाराची आशा ठेवावी, भरवसा ठेवू नये.

आधी जन्मतारीख बघा

अर्ध्याहून जास्त घोळ इथेच होतो. गुजरातमध्ये 2023-24 पासून पहिलीसाठी 1 जूनला 6 वर्षं पूर्ण हवीत. 2 जूनला जन्मलेलं मूल एका दिवसाने मागे राहतं आणि त्याची पहिली पुढच्या वर्षी. शाळेच्या ऑफिसात गयावया करून हा दिवस सरकत नाही. बालवाटिकेला त्याच तारखेला 5 पूर्ण लागतात आणि नर्सरीला 3.

केंद्रीय विद्यालयाची तारीख मात्र 31 मार्च. म्हणजे एप्रिल-मेमध्ये जन्मलेलं मूल राज्याच्या शाळेत यंदा पहिलीत बसेल, पण केंद्रीय विद्यालयात त्याच वर्षी बसणार नाही. ज्या घरांत दोन्हीकडे फॉर्म भरायचा विचार आहे, त्यांनी हा दोन महिन्यांचा फरक कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवावा.

दुसरी गल्लत प्ले-ग्रुपवाल्यांमुळे होते. मूल अडीच वर्षांचं असताना «नर्सरीत घेतो» म्हणून फी घेतात. ते मूल सीनियर केजी संपवतं तेव्हा त्याला सहा पूर्ण नसतात, मग एक तर सीनियर केजी पुन्हा, नाहीतर वर्षभर बालवाटिका. नर्सरीला घालण्याआधी बोटं मोजा: ज्या 1 जूनला 3 पूर्ण, त्या जूनला नर्सरी.

पैसे भरणाऱ्यांचं आणि आरटीईवाल्यांचं वेळापत्रक जुळत नाही

नाव असलेल्या खाजगी शाळा मुलं नर्सरी किंवा ज्युनियर केजीलाच भरून घेतात, तेही आधीच्या हिवाळ्यात. पहिलीपर्यंत त्यांच्याकडे फी भरून मिळणाऱ्या जागा फार थोड्या उरतात. कोणाची बदली झाली, कोणी सोडून गेलं, तेवढ्याच. आरटीईची जागा गुजरातमध्ये पहिलीतच मिळते. अर्ज साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि पहिली यादी एप्रिलच्या आसपास. म्हणजे पैसे भरणाऱ्याने मूल तीन वर्षांचं असताना ठरवायचं आणि आरटीईवाल्याने सहाव्या वर्षी.

मधली तीन वर्षं काय करायचं? पुष्कळ पालक ज्या शाळेवर डोळा आहे तिथेच फी भरून केजी करून घेतात, पुढे त्याच शाळेत आरटीईतून जागा लागेल या हिशेबाने. तसं प्राधान्य कुठेच नाही. सोडतीत त्या शाळेचा सीनियर केजीचा विद्यार्थी आणि बाहेरचा, दोघे सारखेच. उलट सरकारी अंगणवाडीत शिकलेल्या मुलांचा आरटीईत स्वतंत्र प्राधान्यगट आहे. ज्यांना आरटीईच हवं आहे त्यांनी केजीचे पैसे वाचवून अंगणवाडीचा विचार करावा, हे ऐकायला विचित्र वाटतं, पण कागदावर फायद्याचं तेच आहे.

आरटीईचा फॉर्म: कुठे अडतो, का अडतो

उत्पन्नाची मर्यादा 2025 मध्ये वर्षाला 6 लाख रुपये झाली. आधी शहरात दीड लाख आणि गावात 1 लाख 20 हजार होती. मर्यादा वाढली याचा अर्थ संधी वाढली असा नाही. अर्ज करू शकणारे वाढले, जागा तितक्याच. एका शाळेत पहिलीचे 40-40 चे दोन वर्ग असले तर आरटीईच्या जागा 20. त्यात प्राधान्याचा क्रम लागतो: अनाथ आणि संरक्षणाची गरज असलेली मुलं, दिव्यांग, शहीद जवानांची मुलं, एकुलती एक मुलगी, अंगणवाडीतली मुलं, दारिद्र्यरेषेखालच्या यादीतली कुटुंबं, अनुसूचित जाती-जमाती, मग ओबीसी आणि शेवटी खुला वर्ग. साडेपाच लाख उत्पन्न असलेल्या खुल्या वर्गातल्या घराने फॉर्म जरूर भरावा, पण दुसरी सोय करून मगच.

मराठी घरांसाठी एक खास खबरदारी. ओबीसी किंवा अनुसूचित जातीचा महाराष्ट्रातला दाखला इथल्या राखीव गटासाठी चालत नाही, गुजरातच्या सक्षम अधिकाऱ्याने दिलेलाच लागतो. एकच जात दोन्ही राज्यांच्या यादीत सारख्या वर्गात असेलच असंही नाही. आजोबा सयाजीरावांच्या काळापासून इथले असले तर कागद जुळवता येतात, पण वेळ लागतो. हे काम दिवाळीनंतर लगेच सुरू करायचं. मार्चमध्ये मामलतदार कचेरीच्या जनसेवा केंद्रात जी रांग लागते, ती निव्वळ उशिरा जाग्या झालेल्यांची असते.

राहण्याच्या पुराव्याला आधार कार्ड, लाईटबिल, पाणीबिल, रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र यातलं काही चालतं. यातलं काहीच नसेल तर भाडेकरार, पण तो रजिस्टर केलेला. नुसता स्टॅम्पवर नोटरी केलेला करार नामंजूर होतो. भाड्याने राहणाऱ्यांचे अर्ज सर्वांत जास्त इथेच उडतात, कारण घरमालक रजिस्टर करार करायला नाखूष असतो. वर्षभर आधी आधार कार्डावरचा पत्ता बदलून घेतला की ही कटकट उरत नाही.

फॉर्म ऑनलाइन. त्यात नकाशावर घराची खूण ठेवायची असते आणि तिच्यापासून 6 किलोमीटरच्या परिघातल्या शाळा समोर येतात. रावपुऱ्यातून 6 किलोमीटर म्हणजे जवळजवळ निम्मं शहर. खूण दुसऱ्या सोसायटीवर पडली तर शाळांची यादी बदलते, आणि पत्ता एक, खूण दुसरी असं दिसलं तर अर्ज परत येतो. सायबर कॅफेवाला घाईत खूण कचेरीवरच ठेवून देतो, म्हणून बाजूला बसून बघा.

कागदाचे फोटो मूळ कागदाचे, चारही कोपरे दिसतील असे. झेरॉक्सचा फोटो, कापलेला शिक्का, उत्पन्नाच्या दाखल्याची गेलेली मुदत, जन्मदाखल्यावर मुलाचं नाव नसणं (फक्त «बाळ» लिहिलेले दाखले अजून सापडतात) ही नामंजुरीची नेहमीची कारणं. नावांचं स्पेलिंग जन्मदाखला, आधार आणि बँक पासबुकात एकच हवं. आपल्याकडे आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग दोन कागदांवर दोन तऱ्हेचं असतं, त्यामुळे हे आधी दुरुस्त करणं भाग आहे.

शाळांचा क्रम लावताना मनापासून लावा. जिथे मूल पाठवायचंच नाही, ती शाळा «भरायची म्हणून» टाकू नका. ती लागली आणि तुम्ही मुदतीत प्रवेश घेतला नाही तर पुढच्या फेरीतून बाहेर. पहिल्या फेरीत काहीच लागलं नाही तर मात्र रिकाम्या जागांमधून पुन्हा निवड करायची संधी देतात. त्या वेळी मोबाइलवर येणारा एसएमएस चुकवू नका. फॉर्ममध्ये घरातल्याच माणसाचा नंबर द्या, कॅफेवाल्याचा नाही.

काही नामांकित शाळा यादीत दिसतच नाहीत. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना 2014 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे हा कायदा लागू नाही, त्यामुळे मिशनऱ्यांची कॉन्व्हेंट शाळा शोधत बसू नका.

उत्पन्न कमी दाखवायचा मोह होतो. पॅन आणि रिटर्न मागतात, पडताळतात आणि प्रवेश मधल्या वर्षात रद्द करतात. मूल तेव्हा त्या वर्गात रुळलेलं असतं. एकदा पहिलीत बसलेल्या मुलाला पुन्हा पहिलीसाठी आरटीईतून भरण्याची युक्तीही अशीच उघडकीला येते, कारण प्रत्येक मुलाचा नंबर सरकारी नोंदीत असतो.

जागा लागलीच, तर शाळेची फी सरकार भरतं आणि पालकाला पुस्तकं, गणवेश वगैरेसाठी वर्षाला 3,000 रुपये मिळतात. व्हॅन आणि सहल यांची सोय त्यात भागत नाही. आणखी एक गोष्ट फॉर्मवर लिहिलेली नसते: वर्गातली बाकीची मुलं तीन वर्षं एकत्र आहेत आणि बाईंचं इंग्रजी त्यांच्या कानावरून गेलेलं आहे. अंगणवाडीतून आलेलं मूल पहिले चार-सहा महिने गप्प बसतं. त्यासाठी एप्रिल-मेमध्ये घरी रोज अर्धा तास इंग्रजी गोष्टी मोठ्याने वाचल्या तरी पुष्कळ फरक पडतो. ट्यूशन लावायची घाई नको.

फी भरायची असेल तर एकूण बेरीज करा

शाळा सांगते ती फी यंदाची. तुम्हाला भरायची आहे दहा वर्षांची. समजा पहिलीची फी 40,000 आहे आणि दरवर्षी दहा टक्के वाढते. दहावीला ती 94,000 च्या पुढे जाते आणि पहिली ते दहावीची बेरीज साधारण 6 लाख 37 हजार होते. दोन मुलं असतील तर दुप्पट. यात व्हॅन, पुस्तकं आणि आठवीपासूनचे क्लास धरलेले नाहीत. हा आकडा पगाराच्या वाढीशी लावून बघा आणि मगच नर्सरीचा फॉर्म घ्या.

गुजरातमध्ये 2017 च्या कायद्याने खाजगी शाळांच्या फीवर नियंत्रण समिती आहे; लोक तिला एफआरसी म्हणतात, आणि बडोदा झोनची समिती वेगळी. प्राथमिकला वर्षाला 15,000 च्या वर फी घेणाऱ्या शाळेला समितीकडून फी मंजूर करून घ्यावी लागते. शाळेला थेट विचारा: «एफआरसीची ऑर्डर दाखवता का?» ऑर्डर शाळेच्या फलकावर असायला हवी. पावती कशाची मिळते तेही बघा. «ॲक्टिव्हिटी», «स्मार्ट क्लास», «टर्म फी» अशा नावांनी ऑर्डरबाहेरचा पैसा घेतला जातो आणि पावती कधीकधी दुसऱ्याच ट्रस्टच्या नावाने असते. ऐच्छिक म्हणून सांगितलेली गोष्ट खरंच ऐच्छिक आहे का, हे जुन्या पालकांना गेटवर विचारलं की कळतं.

प्रवेशाच्या वेळी मुलाची किंवा पालकांची मुलाखत घेणं आणि कॅपिटेशन फी घेणं, दोन्हीला शिक्षण हक्क कायद्यात दंड आहे: मुलाखतीला पहिल्या वेळी 25,000 पर्यंत, त्यानंतर प्रत्येक वेळी 50,000 पर्यंत, कॅपिटेशनला घेतलेल्या रकमेच्या दहा पटीपर्यंत. तरी «इंटरॅक्शन» या नावाने बोलावतातच. भांडून प्रवेश मिळत नाही हे खरं. पण देणगी मागितली तर लेखी मागा, बहुतेकदा विषय तिथेच संपतो.

म्युनिसिपल शाळा बघायला गेलात तर काय बघायचं

याच शहराच्या गादीवर बसलेल्या सयाजीरावांनी 1893 मध्ये अमरेलीत सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि 1906 मध्ये तो सगळ्या संस्थानात लागू केला. मूल शाळेत न पाठवणाऱ्याला तेव्हा दंड व्हायचा. आज त्याच गावात सरकारी शाळेचं नाव काढलं की नातेवाईक तोंड वाकडं करतात. तोंडांकडे लक्ष न देता एक दिवस शाळा चालू असताना जाऊन या. जूनमधल्या प्रवेशोत्सवाच्या दिवशी नको, त्या दिवशी सगळ्याच शाळा छान दिसतात.

पहिला प्रश्न मुख्याध्यापकांना: किती वर्ग आणि किती शिक्षक? पहिली ते पाचवीला कायद्याप्रमाणे 30 मुलांमागे एक शिक्षक हवा. पण आकडा बरोबर असूनही एकाच बाई पहिली आणि दुसरी एकत्र शिकवत असतील, तर वाचायला शिकण्याच्या वयात ते महागात पडतं. दुसरा: कायम शिक्षक किती आणि ज्ञान सहायक किती? ज्ञान सहायक 11 महिन्यांच्या करारावर असतात. त्यातले पुष्कळ जण मेहनती आहेत, पण मधल्या काळात वर्गाला बाई नसतात. तिसरा प्रश्न विचारायचा नाही, बघायचा: तिसरीच्या वर्गात जाऊन मराठी, गुजराती किंवा हिंदी, जे माध्यम असेल त्यातलं पानभर एखाद्या मुलाला वाचायला सांगा. अडखळत का होईना पण वाचलं, तर शाळा काम करते आहे. स्वच्छतागृह, पाण्याची टाकी आणि फायर एनओसीची तारीख बघायला पाच मिनिटं लागतात. हे सगळं खाजगी शाळेतही करायचं, फक्त तिथे वर्गात जाऊ देत नाहीत. प्रत्येक शाळेचा 11 आकडी यूडायस नंबर असतो. तो टाकला की शिक्षक, पट आणि खोल्या यांची नोंद ऑनलाइन दिसते, सरकारी असो की खाजगी.

म्युनिसिपल शाळांमध्येही टंचाई आहे, पण ती सगळीकडे सारखी नाही. गुजराती माध्यमात जागा सहज मिळते. इंग्रजी माध्यमाच्या शाळा मोजक्या आणि गर्दी तिथेच, तिथे मात्र लवकर नाव नोंदवावं लागतं.

मराठी माध्यमाचं काय

नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या मराठी शाळा शहरात चालत आल्या आहेत, पण पट घसरत गेला. मराठी माध्यमात घालणार असाल तर आठवीनंतर कुठे, हे आधी विचारा. नववीला मराठी माध्यमाची शाळा रोज जाण्यासारख्या अंतरावर नसेल, तर मूल नववीत एकदम गुजराती किंवा इंग्रजीत पडतं, आणि विज्ञान-गणिताचे शब्द नव्याने शिकण्यात ते वर्ष जातं. बदल करायचाच असेल तर पाचवी किंवा सहावीला करा.

2023 च्या कायद्याने गुजरातमधल्या सगळ्या शाळांमध्ये, सीबीएसईसकट, पहिली ते आठवी गुजराती शिकवणं सक्तीचं झालं. म्हणजे इंग्रजी माध्यमातल्या मराठी मुलाच्या पदरी इंग्रजी, हिंदी आणि गुजराती शाळेत, आणि मराठी घरी. यात घाबरण्यासारखं काही नाही, गल्लीत गुजराती येतंच. अडतं ते लिपीपाशी. मराठी वाचणारी आजी घरात असेल तर पहिल्या दोन वर्षांत देवनागरी पक्की करून घ्यावी, शिरोरेषा नसलेली गुजराती अक्षरं मग आपोआप ओळखू येतात.

आठवी संपते तेव्हा

शिक्षण हक्क कायदा 14 वर्षांपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंतच. आरटीईतलं मूल नववीत गेलं की त्याच बाकावर पूर्ण फी. वरच्या हिशेबात ती वर्षाला साधारण 86,000 होते. आठ वर्षं काहीच न भरलेल्या घराला हा धक्का मोठा बसतो, आणि शाळा ऑफिसकडून आठवीच्या फेब्रुवारीत फीचं पत्र येईपर्यंत याचा विचार झालेला नसतो.

यावर दोन मार्ग आहेत. पहिला, मुख्यमंत्री ज्ञान साधना शिष्यवृत्ती. आठवीत परीक्षा, सरकारी-ग्रँटेड शाळेत पहिली ते आठवी शिकलेली आणि आरटीईतून शिकलेली, दोन्ही मुलं पात्र, उत्पन्नाची अट वेगळी. निवड झाली आणि मूल स्वनिर्भर शाळेत शिकलं तरी नववी ते बारावी दरवर्षी ठरलेली रक्कम मिळते. मुलींसाठी 2024 पासून नमो लक्ष्मी योजना आहे, नववी ते बारावी मिळून 50,000. तिच्या पात्रतेतही आधी सरकारी किंवा ग्रँटेड शाळेत शिकलेल्या मुलींचा विचार आहे. म्हणजे सरकारी रस्त्याला पुढे काही परतावा आहे आणि पूर्ण फीच्या रस्त्याला तो बहुतेक नाही. दुसरा मार्ग, आठवीनंतर ग्रँटेड माध्यमिक शाळा. बडोद्यात जुन्या, चांगल्या ग्रँटेड शाळा आहेत आणि त्यांना मुलं हवी असतात. सातवीच्या उन्हाळ्यातच दोन शाळा बघून ठेवा.

कुठेच जागा न लागलेल्यांनी मूल घरी ठेवू नये. जवळच्या सरकारी शाळेला प्रवेश नाकारता येत नाही, सत्र सुरू झाल्यावरही नाही, आणि वयाचा दाखला नाही या कारणानेही नाही. तिथे बसवा, मग पुढच्या वर्षी जागा शोधा. फक्त दुसरीकडचा प्रवेश लेखी हातात येईपर्यंत जुन्या शाळेतून लिव्हिंग सर्टिफिकेट काढू नका. ते हाती घेतलं की मुलाचं नाव पटावरून निघतं, आणि नवी जागा फिसकटली तर ऑगस्टमध्ये पुन्हा नाव घालण्यासाठी अर्ज, सह्या आणि दोन-तीन फेऱ्या होतात.